पॅरिसमधलं लाओ जेवण, शेपूची जुडी आणि ताईचं मोदकपात्र

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर पॅरिसला जाऊन ही बाई आयफेल टॉवर सोडून भात शोधत का हिंडली असं वाटेल. २०१८ ला मी आणि नवरा थायलंडला गेलो होतो, तिथून चार दिवस लाओसमधे लुआंग प्राबांगला. पहिल्याच रात्री केळीच्या पानात वाफवलेला मासा मागवला, पान उघडलं आणि वास आला चक्क शेपूचा. शेपू! आमच्या घरात मी एकटी खाते ती भाजी, बाकी सगळे ती शिजत असताना गॅलरीत जाऊन उभे राहतात. मी मालवणची, मासा मला कोकमात, तिरफळात, तिरफळाशिवाय, सगळ्या तऱ्हांनी माहितीये पण माशात शेपू हे आमच्या आजीने ऐकलं असतं तर तिने मला मिठाने ओवाळून टाकलं असतं. आणि लागलं इतकं छान की चार दिवस तेच.

पुण्याला परत आल्यावर सहा वर्षं नुसती दुधाची तहान ताकावर. थाई हॉटेलं भरपूर आहेत पण तिथली पपईची कोशिंबीर गोड, आणि चिकट भात म्हणजे त्यांना फक्त आंब्याबरोबरचा डेझर्टवाला माहीत. मग २०२४ च्या ऑक्टोबरात मावसबहिणीकडे पॅरिसला जायचं ठरलं आणि फोनवर ताई सहज बोलून गेली, अगं लाओ ना, इथे पॅरिसच्या तेराव्या विभागात ढीगभर आहेत, आणि आमच्या बाजूला तर लाओ लोकच राहतात. झालं. लूव्हर गेलं उडत.

बुधवार

सकाळी उतरले, दुपारभर झोपले. ताई राहते न्वाझिएलला, पॅरिसच्या पूर्वेला, एरयूएर ए ह्या उपनगरी रेल्वेच्या लाईनवर. योगायोगाने कोजागिरी होती, त्यामुळे रात्री बाल्कनीत मसाला दूध, चंद्र ढगात, थंडीने दातावर दात, आणि भावोजी "मेहुणीबाई, आलात ना, आता ते तुमचं वासाचं जेवण घरात आणू नका" असं आधीच बजावून मोकळे. भावोजी पक्के शाकाहारी आहेत. आणि शेपू तर त्यांना ताटात नाही, वाक्यातही चालत नाही.

बाकी काही नाही, लवकर झोपलो.

गुरुवार

ताईला ऑफिस. मी एकटीच सेंटरला गेले, नोत्र दामच्या आसपास भटकले, अजून आत सोडत नव्हते, बाहेरूनच फोटो. मग भूक लागली आणि एका टुरिस्टी गल्लीत पाटी दिसली, "लाओस - थाई - व्हिएतनाम - चीन". चार देश एका पाटीवर. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण पाटीवर लाओस पहिलं होतं ना, मी भोळी आत गेले.

आत काचेचं कपाट, त्यात स्टीलचे ट्रे, भात, नूडल्स, लाल रंगातलं चिकन, तळलेले रोल. तुम्ही बोट दाखवायचं, ती बाई प्लास्टिकच्या डबीत भरते, वजन करते, मायक्रोवेव्हमधे फिरवते आणि तुमच्या हातात देते. ह्याला इथे त्रेतर म्हणतात, गल्लोगल्ली असतात, आपल्याकडच्या पोळीभाजी केंद्रासारखं समजा. मी विचारलं लाओसचं काय आहे, तिने एका ट्रेकडे बोट दाखवलं, त्यात नूडल्स होत्या आणि त्यावर कोथिंबीर. चिकट भात? नाही. पाडेक, ते लाओ लोकांचं मुरवलेल्या माशांचं? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी शिवी दिली. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, दुसरं काय. पैसे दिले, पुलावर बसून खाल्लं, निम्मं टाकलं.

पण तिथे बसल्यावर डोक्यात एक गोष्ट आली. आपलंही हेच नाही का? परदेशात "इंडियन" पाटीखाली जे मिळतं ते बटर चिकन आणि चीज नान, पॅरिसमधे तर चीज नानशिवाय इंडियन हॉटेलची कल्पनाच करत नाहीत, आणि स्वयंपाकघरात बऱ्याचदा बांगलादेशी नाहीतर पाकिस्तानी माणूस असतो. तिथे जाऊन भरली वांगी आहेत का विचारलं तर तोही असाच बघेल. म्हणजे पाटी ही गिऱ्हाईकाला जे नाव माहीत आहे त्याची असते, आतल्या माणसाच्या गावाची नसते. हे एकदा डोक्यात बसल्यावर पुढचे दिवस मी पाट्या वाचणं सोडून दिलं.

शुक्रवार

ताईने सुट्टी टाकली. एरयूएरने नासियोंला उतरून सहा नंबरची मेट्रो, ती सेन नदीवरून पुलावरून जाते तेवढा एक मिनिटाचा तुकडा खूप सुंदर आहे, मग प्लास दितालीला उतरून चालत अव्हेन्यू द श्वाझी. हा तेरावा विभाग. पॅरिस म्हणून आपल्या डोक्यात जे चित्र असतं त्यातलं इथे काहीही नाही, तीस तीस मजली टॉवर, खाली सलून, ट्रॅव्हल एजंट, भाजीवाले. ह्या वसाहतीचं नाव ऑलिम्पियाड, टॉवरना ऑलिंपिक झालेल्या शहरांची नावं, साप्पोरो, मेक्सिको, हेलसिंकी अशी, आणि खालून जाणाऱ्या रस्त्यांना खेळांची नावं, एक रस्ता भाल्याचा, एक थाळीफेकीचा. त्या थाळीफेकीच्या रस्त्यावर, म्हणजे गाड्या पार्किंगला जातात त्या अंधाऱ्या बोगद्यात, एक देऊळ आहे. लाल कंदील, उदबत्त्या, संत्र्यांचे ढीग, आणि बाजूने डिलिव्हरी व्हॅन चाललीये. मी पाच मिनिटं तशीच उभी.

हे टॉवर सत्तरच्या दशकात बांधले ते नोकरदार फ्रेंच लोकांसाठी, पण त्यांना काही ते आवडले नाहीत, फ्लॅट रिकामे राहिले. आणि नेमकं १९७५ ला व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस तिन्हीकडे सत्ता पालटली. लाओसवर १८९३ पासून १९५३ पर्यंत फ्रेंचांचा अंमल, त्यामुळे शिकलेल्या लोकांना फ्रेंच येत होतं. देशातला जवळपास दहावा माणूस बाहेर पडला, बरेचसे मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत, तिथून कोणी अमेरिकेला, कोणी कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला, आणि कोणी इथे, ह्या रिकाम्या टॉवरांत. इथलं सगळ्यात मोठं दुकान तांग फ्रेर, अख्ख्या फ्रान्समधे प्रसिद्ध, ते १९७६ ला सुरू केलं तेही लाओसहून आलेल्या चिनी वंशाच्या भावांनीच. म्हणजे लोक ज्याला चायनाटाउन म्हणतात त्याच्या मधोमध लाओस बसलाय आणि पाटीवर नाही. परत तेच.

आधी तांगमधे शिरलो. माझं काय झालं असेल ते फक्त दादरच्या मंडईत वाढलेल्या बाईला कळेल. गोठवलेली केळीची पानं, गवती चहाच्या जुड्या, गलंगल, कच्च्या पपया, पाडेकच्या बाटल्या, आणि चिकट भाताच्या तांदळाची पोती. आणि ती बांबूची झाकणवाली करंडी, तिप खाव, शिजलेला भात ठेवायची. आठ युरो. हातात घेतली, वास घेतला, परत ठेवली. म्हटलं, भात ठेवायला घरी स्टीलचे डबे काय कमी आहेत. (ही चूक होती. पुढे येईलच.)

ताईने शेपू मात्र तिथे घेतला नाही, म्हणाली आमच्या साध्या सुपरमार्केटात मिळतो. फ्रेंच लोक स्मोक्ड सामनवर शेपू घालतात, त्यामुळे प्रत्येक दुकानात छोट्या प्लास्टिकच्या डबीत असतोच. मला हे भारी वाटलं, लाओ माणूस एवढ्या लांब आला, हजार वस्तू सुटल्या, आणि जी गोष्ट शेजारच्या थाई माणसाच्याही रोजच्या जेवणात फारशी नसते तीच इथे कोपऱ्यावर हजर. थाई लोक शेपूला "फाक ची लाव" म्हणतात, म्हणजे लाओ कोथिंबीर. बघा, नावातच सांगून टाकलंय की हे त्या लोकांचं.

मग जेवण. अव्हेन्यू दिव्रीवर लान सांग हे नाव पाट्यांवर दिसतं, लाओसच्या जुन्या राज्याचं नाव, दहा लाख हत्ती असा अर्थ. आम्ही एका बाजूच्या छोट्या ठिकाणी गेलो, कारण तिथे खिडकीत एक म्हातारी एकटीच हाताने भात खात बसलेली होती. हॉटेल निवडायचा माझा नियम एवढाच.

मेनू उघडला आणि गंमत कळली. लाप, म्हणजे लाओसचं अगदी सणासुदीचं, लग्नातलं पक्वान्न, बारीक चिरलेलं मांस, लिंबू, पुदिना, कांद्याची पात आणि कोरडे खमंग भाजून भरड कुटलेले तांदूळ, ते इथे "सॅलड" खाली. पपईही सॅलड. मग सूप, मग मुख्य पदार्थ, आणि भात सगळ्यात शेवटी, शेवटच्या पानावर, जोडीला म्हणून, तीन युरो. फ्रेंच जेवणाला पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम लागतो ना, तर लाओ जेवण कापून त्या खणांत भरलंय. लाओसमधे भात आधी येतो आणि बाकी सगळं त्याच्याभोवती एकदम येतं, आपल्या ताटासारखं.

ताईने सवयीने फ्रेंच पद्धतीने ऑर्डर दिली. लाप आलं. भात नाही. दहा मिनिटं झाली, भात नाही, कारण तो "मुख्य पदार्थाबरोबर" येणार! आता लाप हे खारट, आंबट, तिखट प्रकरण, ते नुसतं खाणं म्हणजे लोणचं वाटीने खाण्यासारखं. शेजारचं फ्रेंच जोडपं मात्र काट्याने, कोशिंबिरीच्या पानाबरोबर, मजेत खात होतं. मी ताईला म्हटलं, अगं त्याला सांग भात आत्ता आण. तिने सांगितलं. तो पोरगा हसला, विचारलं कुठच्या, ताई म्हणाली भारत, तर म्हणाला मग हाताने खाणार ना, आणि दोन मिनिटांत करंडी आणली. झाकण उघडलं तर आत भात प्लास्टिकच्या पिशवीत. करंडी शोभेला. हा स्वच्छतेच्या नियमांचा प्रताप असणार, मी उगाच हिरमुसले, पण भात गरम होता.

हा भात कसा खायचा ते सांगते. पोळीचा तुकडा मोडतो तसा बोटांनी लिंबाएवढा गोळा तोडायचा, तळहाताला न लावता बोटांतच दाबून चपटा करायचा, आणि त्याने लाप उचलायचं. चिकट म्हणजे हाताला चिकटेल असं वाटतं पण नीट शिजलेला चिकटत नाही, तो आपल्याआपल्यालाच चिकटतो. रात्रभर भिजवून नुसत्या वाफेवर शिजवतात, पाण्यात घालायचाच नाही. दाताखाली जरा चिवट, जरा गोडसर, आणि त्यात कुटलेल्या भाजक्या तांदळाची करकर. भात भाताला लावून खाणं. ताई दहा वर्षं इथे राहते, काट्याचमच्याला सरावलेली, पण तिसऱ्या घासाला तिच्या हाताला बरोबर आठवलं.

पपईचं निराळं. मेनूत दोन ओळी, "थाई" आणि "लाओ". थाईवालीत शेंगदाणे, सुका जवळा, साखर. लाओवालीत पाडेक. पाडेक म्हणजे नदीतले मासे, मीठ आणि तांदळाचा कोंडा घालून महिनोन्‌महिने मुरवलेलं, गढूळ, दाट. थाई फिश सॉस त्यापुढे म्हणजे गाळलेला चहा. पोराने विचारलं, "लाओ? नक्की?" मग, "पिमाँते?" म्हणजे तिखट का. ताईने घाईने मधलं सांगितलं, मी मागून बोट वर केलं. समोर वाटी आली आणि वास आला, मला एकदम आमच्या माळ्यावरचा खाऱ्या बांगड्याचा डबा आठवला, पावसाळ्यात झाकण उघडल्यावर येतो तसा. शेजारच्या फ्रेंच बाईने हळूच खुर्ची सरकवली. मी मात्र घरी पोचले होते. एकच तक्रार, पपईत एक तृतीयांश गाजर. पपई विमानाने येते, गाजर शेजारच्या शेतातून, समजू शकते. पण गाजर पाणी सोडतं, आणि गोड.

आसपासच्या टेबलांवर सगळ्यात जास्त काय जात होतं तर "तिग्र की प्लर", रडणारा वाघ. भाजलेल्या बीफचे काप आणि तिखट चटणी. हे आता पॅरिसमधल्या जवळजवळ प्रत्येक आशियाई मेनूवर आहे म्हणे, लाओ असो नसो. नावाची गोष्ट दोन तऱ्हेने सांगतात, एक म्हणजे मांस इतकं चिवट की वाघही रडला, दुसरी म्हणजे चटणी इतकी जाळ की वाघ रडला. पॅरिसमधे मांस लोण्यासारखं आणि चटणी सौम्य, वाघाला रडायला काही कारणच ठेवलं नाही. मी बीफ खात नाही, हे ताईच्या ताटात बघून लिहितेय. (भावोजी हे वाचत नाहीत.)

आणि ज्याची मला अपेक्षाच नव्हती ते म्हणजे कच्चं लाप. लाओसमधे बीफचं लाप कच्चंही खातात, मला वाटलं होतं परदेशात पहिला बळी ह्याचाच गेला असेल. तर मेनूत ठळक, खाली लिहिलेलं "लाओ तार्तार". फ्रेंच माणूस कच्च्या मांसाचा तार्तार लहानपणापासून खातो, त्याला ह्यात काय विशेष! शेजारचे काका ते ब्रेडला लावून खात होते. म्हणजे जो पाडेक आपल्याला साधा वाटतो त्यासाठी "नक्की?" विचारतात आणि जे कच्चं मांस बघून आपल्या पोटात गोळा येईल ते बिनदिक्कत.

परत येताना कोपऱ्यावरून सँडविच घेतलं, बाँ मी, व्हिएतनामी नावाने विकतात. लाओसमधे ह्यालाच खाव ची म्हणतात, सकाळी पॅते, म्हणजे मांसाचं मऊ वाटण, घालून. पाव फ्रेंचांनी तिकडे नेला, तो मिरची आणि कोथिंबीर घेऊन परत आला आणि आता फ्रेंच पोरं रांग लावतात. चार युरो ऐंशी.

शनिवार

आज भावोजींना घेऊन. लोन्य म्हणून पुढचंच स्टेशन आहे, तिथे आणि आजूबाजूला लाओ आणि इतर आग्नेय आशियाई कुटुंबं खूप आहेत, तेराव्यातली जागा पुरेना तेव्हा लोक ह्या नव्या वसाहतींत सरकले. छोटं हॉटेल, सहा टेबलं, कॅलेंडर, टीव्हीवर थाई सिरीयल, पाटीवर अर्थातच "थाई". चालवणारी बाई साठीची, तिला आम्ही मावशी म्हणू.

भावोजींनी आल्या आल्या जाहीर केलं, व्हेजितारियां. मावशी म्हणाली काही हरकत नाही, तोफूचं लाप, मशरूमचं लाप. पॅरिसमधे आता तरुण पोरं मागतात म्हणून तोफूचं सुरू केलं, मशरूमचं मात्र गावाकडेही असतंच. भावोजी खूष. मग ताईने विचारलं, फिश सॉस नाही ना त्यात? मावशी म्हणाली नाही नाही, मासा नाही, फक्त सॉस. तिच्या दृष्टीने सॉस म्हणजे मीठ. भावोजींचा चेहरा! शेवटी सोया सॉस आणि मिठावर तडजोड झाली, मावशीने करून दिलं पण आणून ठेवताना म्हणाली, "हे लाप नाही, पण चांगलं लागेल." मला ती बाई तिथेच आवडली.

मग मोक पा आला. सहा वर्षं ज्याची वाट बघितली तो. बाहेर अल्युमिनियम फॉईल, त्याच्या आत केळीचं पान, कारण गोठवलेली पानं सुटली की फाटतात, मग फॉईलचा आधार. फॉईल सोडली, पान काळपट हिरवं, ते उघडलं आणि शेपूचा वास अख्ख्या सहा टेबलांवर. आत मासा, कांद्याची पात, गवती चहा, आणि भिजवून वाटलेल्या चिकट तांदळाने सगळं धरून ठेवलेलं, कापलं की थरथरत होतं. पहिला घास खाल्ला आणि गप्प झाले. लुआंग प्राबांगच्या माशाला नदीची जरा मातकट चव होती, हा समुद्राचा, पांढरा, स्वच्छ, कॉड असावा. मला हा जास्त आवडला असं लिहायला लाज वाटते पण आवडला. शेपू त्यावर जास्त बोलतो. भावोजी खुर्ची उलटी फिरवून बसले.

ताईने खाव पून मागवलं. तांदळाच्या पांढऱ्या शेवयांचा गुंडाळा, वर नारळाच्या दुधाचा लालसर रस्सा, त्यात कुस्करलेला मासा, वर बारीक चिरलेला कोबी. मी म्हटलं हे तर आपले शिरवाळे! मालवणकडे तांदळाच्या शेवया साच्यातून गाळून नारळाच्या गोड रसात खातात ना, तेच, फक्त तिखट बाजूने. ताईचे डोळे भरून आले, म्हणजे मिरचीनेही असेल. तिने शेवटचे शिरवाळे कधी खाल्ले विचारलं तर आजी गेली त्या वर्षीच्या दिवाळीत.

गर्दी ओसरल्यावर मावशी येऊन बसली. लाओसमधल्या सावन्नाखेतची, दहा वर्षांची असताना घरच्यांबरोबर रात्री नदी ओलांडली, छावणीत दोन वर्षं, मग फ्रान्स. वडिलांनी ऐंशीच्या दशकात जेवणघर काढलं तेव्हा पाटीवर "चिनी" लिहिलं, कारण लाओस म्हटलं की लोक म्हणायचे कुठे आहे ते. पुढे लोक थायलंडला सुट्टीला जायला लागले, तशी पाटी "थाई" झाली. मी विचारलं आता लाओ का नाही लिहीत. तर म्हणाली लिहिते की, मेनूत. ज्याला हवं तो विचारतो. शिवाय थाई म्हणून लोक जे मागतात त्यातलं लाप, पपई, चिकट भात हे इसानचं, म्हणजे थायलंडच्या ईशान्येचं, आणि इसानी लोक बोलतात लाओच, लाओसपेक्षा लाओ बोलणारे तिकडेच जास्त. "मग खोटं कुठे लिहिलंय?"

तिने आतून एक बशी आणली, मेनूत नसलेली. भाजलेले टोमॅटो, मिरच्या, लसूण, खलबत्त्यात कुटलेलं. चेओ. ठेचाच हो! टोमॅटोचा ठेचा. भावोजींनी भाताचा गोळा बुडवला, एक, दोन, सहा. मग मी मावशीकडे बघितलं आणि मावशीने माझ्याकडे. त्यात पाडेक होता का नव्हता हे आम्ही दोघींनी विचारलंही नाही आणि सांगितलंही नाही.

रविवार

मावशीनेच सांगितलं होतं, उद्या बुसी-साँ-जॉर्जला विहारात या. त्याच लाईनवर पुढे. तिथे एका पट्ट्यात लाओ विहार, तैवानी लोकांचं बौद्ध मंदिर, मशीद, सिनेगॉग असं शेजारी शेजारी आहे. लाओ लोकांचा वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, अश्विन पौर्णिमेला संपतो, आपल्याकडच्या बौद्ध वस्त्यांमधे संपतो तोच दिवस, म्हणजे आमच्या बाल्कनीतल्या कोजागिरीचाच चंद्र. पण तो पडला आठवड्याच्या मधे आणि पोरांना शाळा, मोठ्यांना नोकऱ्या, म्हणून जमायचं रविवारी. पौर्णिमाही वीकेंडला सरकवलेली.

लुआंग प्राबांगला पहाटे भिक्खू रस्त्याने येतात आणि लोक बसून त्यांच्या पात्रात भाताचा गोळा टाकतात. इथे पहाटे रस्त्यावर कोण येणार, दंड होईल, त्यामुळे सकाळी दहा वाजता हॉलमधे टेबलावर पात्रं मांडलेली आणि लोक रांगेने सरकताहेत, भात टाकताहेत, मधेच बिस्किटांचे पुडे, केळी. एका पोराने चॉकलेट टाकलं, आजीने चापट मारली आणि राहू दिलं.

मागच्या अंगणात बायका मोठ्या मातीच्या खलात पपई कुटत होत्या, टक टक टक, तो आवाज कुठेही ओळखू येईल. इथे गाजर नाही. "नक्की?" नाही. तिखट किती विचारलं नाही, बाईने माझ्याकडे बघितलं आणि सहा मिरच्या टाकल्या. मग चाखून बघ म्हणून खलातूनच चिमूट दिली, मी खूण केली, अजून लिंबू, तिने पिळलं. हॉटेलात जे हरवलेलं होतं ते हे होतं, पाडेक वगैरे तर मिळालाच होता, पण समोर उभं राहून अजून लिंबू म्हणणं नव्हतं. भाजलेल्या सॉसेजचा धूर, गवती चहाचा वास. दोन खाल्ली, तिसरं ताईच्या पर्समधे.

संध्याकाळी घरी प्रयोग. शुक्रवारी तांगमधून तांदूळ आणलेला, सकाळी निघताना भिजत घातलेला. लाओ पद्धतीची शंकूसारखी बांबूची टोपली नाही, म्हणून ताईने कपाटाच्या वरून काढलं मोदकपात्र. आईने लग्नात दिलेलं, तिच्या पॅरिसमधल्या सगळ्या घरांतून आलेलं. चाळणीवर ओलं सुती फडकं, त्यावर तांदूळ, पंचवीस मिनिटं वाफ, मधे एकदा पोळी उलटतो तसा अख्खा गोळा फडक्यासकट उलटा. आणि झाला! दाणा दाणा चमकत होता. पॅनवर टोमॅटो भाजून ठेचा केला, भावोजींसाठी मीठ घालून, आमच्या वाटीत वरून पाडेक. पाडेकची बाटली फ्रीजमधे आडवी ठेवायची नसते हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. रात्री अकराला भावोजींनी दूध घ्यायला फ्रीज उघडला.

त्यावर मी काही लिहित नाही. दोन लिंबं आणि अर्धा किलो बेकिंग सोडा लागला.

सोमवार

विमान दुपारचं. ताईने उरलेला भात परत वाफवून स्टीलच्या डब्यात भरून दिला, वर झाकण घट्ट, पिवळ्या पिशवीत, जसं ताईची आई आम्हाला एसटीत द्यायची तसं. बोर्डिंगला वेळ होता, भूक लागली, डबा उघडला. झाकणातून पाण्याचे थेंब टपकन मांडीवर. वरचा भात घामेजून गिचगिचीत, सगळा हाताला चिकटला, तळाचा मात्र कडक. आता कळलं बांबूची करंडी कशाला, ती वाफ सोडते आणि ओलावा धरते. आठ युरो वाचवले होते मी!

मधला भाग चांगला होता. पिशवीच्या तळाशी ताईने पुडी ठेवली होती, कोरडी लसणाची चटणी, तिच्या सासूबाईंनी कोल्हापूरहून पाठवलेली. भाताचा गोळा तोडला, चपटा केला, चटणीत दाबला. समोर बसलेला लहान मुलगा टक लावून बघत होता, त्याच्या आईने त्याला दुसरीकडे वळवलं, मग तीच वळून बघायला लागली.